टकटकचाचांचा पिंजरा

चाचा कुठंही बसण्याआधी त्या वस्तूला ठोकून पाहत. खुर्ची असो, बाज असो, नाहीतर आमच्या घरचा नवाकोरा सोफा. बोटाने दोनदा टकटक, कान तिरका, मगच बूड टेकायचं. तेही किती वेळ? चहा निम्मा व्हायच्या आत उठून येरझाऱ्या सुरू. खामगावात सगळे त्यांना टकटकचाचा म्हणत. त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी बाक होता, स्वतःसाठी स्टूलसुद्धा नव्हतं.

माझा थोरला भाऊ घाटात ट्रकसकट उलटला. केबिन चेपली आणि तो तिच्यातच गेला. पुढे मीही कापसाच्या गाठी वाहायला ट्रक घेतला, तेव्हा आईने जेवणच सोडलं. म्हणून चाचांकडे गेलो. केबिनच्या आत पाइपांचा पिंजरा हवा होता, ट्रक उलटला तरी छत डोक्यावर न येऊ देणारा.

"बनवतो," चाचा म्हणाले. "पन हे काम वाया गेलं पायजे बेटा. जिंदगीभर कामी नाही आलं, तं समज चांगलं झालं."

सीट काढली, ठिणग्यांसाठी ओली पोती अंथरली, आणि चार दिवस ना त्यांना चैन, ना मला. पाइप वाकवायचे, लावायचे, पुन्हा काढायचे. डुलकी लागली तर डोकं कुठं आपटेल हे बघायला मला खोटं खोटं झोपायला लावलं. मी काही सांगितलं की दोनदा वदवून घ्यायचे. मला वाटलं, घाईत लक्ष नसेल. शेवटी एकेक जोड हातोडीने ठोकला. "टण्ण बोलला तो सच्चा, थप्प बोलला तो चोर."

पाचव्या दिवशी गाठी भरून निघालो. नांदुऱ्याच्या अलीकडे मागून एका स्कूटरचा हॉर्न थांबेचना. चाचा! घामाने निथळत होते.

"काय झालं चाचा?" मी ओरडलोच.

"कपबशी पडली बे. फुटली, अन् मले आवाजच नाही आला." हातोडी माझ्या हातात कोंबली. "ठोकताना हाताले झिनझिन्या येत, त्यालेच मी आवाज समजून राह्यलो होतो. तू ठोक. तू आयक."

मी ठोकत गेलो. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. टण्ण, टण्ण, टण्ण. माझ्या सीटमागचा खालचा जोड म्हणाला, थप्प. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. ते रस्त्याच्या कडेला मातीत बसले. न ठोकता. मला राग यायला हवा होता, आलं रडू.

दुसऱ्या दिवशी तो जोड कापून पुन्हा केला. हात त्यांचे, कान माझे. त्यानंतर चाचांनी गेटं, खिडक्या तेवढ्या केल्या; पिंजरा कुणालाही करून दिला नाही. ती हातोडी मी परत द्यायला गेलो, तर घेईनात.

गेल्या वर्षी चाचा गेले. मी अजून किल्ली फिरवण्याआधी सीटमागे हात घालून तो जोड ठोकतो. टण्ण वाजतो, तरी पुन्हा ठोकतो. घाट आला की मान आपोआप मागे त्या जोडाकडे वळते.

तुमचं काम अजून वाया चाललंय, चाचा.