डागावरची जाळी

नव्या डायनिंग टेबलावर आईनं वरणाचं गरम पातेलं ठेवलं आणि गोल काळा डाग पडला. कुणी रागावलं नाही, पण तेव्हापासून आई स्वयंपाकघरात जमिनीवरच जेवायला बसू लागली. पातेल्याखाली ठेवायला लाकडी जाळी करून घ्यावी म्हणून मी चिकलठाण्याच्या एका कारागिराकडे गेलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सगळी हकिकत ऐकून तो म्हणाला, "माप नको साहेब, पातेलंच आणा."

आणलं. त्यानं पातेल्याचा स्टोव्हनं काळवंडलेला तळ फळीवर दाबला आणि उमटलेल्या गोलात वेलबुट्टी काढली. दोऱ्याएवढ्या पात्याच्या मशीनवर तो फळी अशी फिरवत होता, जणू लाकूड आपणहून वळतंय. आतली नक्षी आधी, कड सगळ्यात शेवटी.

"कड आधी कापली की धरायला काय राहत नाय, नक्षी मोडती," तो म्हणाला. जाळी हातात देताना म्हणाला, "ही डागावरच ठेवा. पातेल्याची जागा ठरली म्हंजी आईचीबी ठरंल."

जाळी डागावर तंतोतंत बसली. आईनं तिच्यावर पातेलं ठेवलं आणि, माझं लक्ष नाही असं पाहून, आपलं ताटही शेजारी आणून ठेवलं.