पाटी मंगलनं वाचली

साल दोन हजार सतरा. मी तवा एकसष्ट वर्षांचा. हे आजवर कुणाच्या कानावर घातलं न्हाई — बायकोच्या बी न्हाई, ती गेली तोवर. आज सोत्ता लिहून राहिलो, एकेक अक्षर जोडून.

लातूरच्या एका दालमिलवर मी मुकादम होतो. तुरीतले खडे निवडणाऱ्या चाळीस बाया माझ्या हाताखाली. माझ्या शब्दाबाहेर कुणी जायचं न्हाई. ह्याचा मला लई गर्व होता — होता कशाला, आजबी हाय. त्या बायांत एक कोंडाबाई, अन् तिची पोरगी मंगल. बारा वर्षांची. चौथी झाली तशी मीच तिला कामाला लावली. बोटं बारीक, नजर पक्की. तिच्या हातून खडा सुटायचा न्हाई.

एक दिवस कामगार खात्याच्या बाई तपासणीला आल्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. भिंतीवर मालकानं पाटी लावून ठेवलेली. बाई म्हणाल्या, "मुकादम, ह्यावर काय लिहिलंय, वाचा बरं."

मी दुसरीतून साळा सोडलेली. जोडाक्षर आलं की अडतो. चाळीस बायांसमोर पाटीकडं बघत उभा राहिलो. अन् मागून मंगलनं वाचली. खणखणीत, गुरुजीपुढं वाचावी तशी — चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. मला मदत व्हावी म्हणून वाचली हो तिनं. दुसरं काय असणार?

एक म्हातारी बोललीच, "मुकादम, बसा आता पोरीसंगं साळंत." सगळ्या हसल्या.

बाईंनी मंगलला जवळ घेतलं. कामाला येतेस का? साळेत परत जायचं का? तिचा चेहरा उजळला — तो मी बघितला. न्हाई बघितला असं म्हणता येणार न्हाई. तिच्या तोंडून हो निघायच्या आत मी मधी पडलो. म्हणालो, ही माझी नात हाय, डबा घेऊन आली अन् हौसेनं बसली. बाईंना पटेना. मग मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घेतली. आम्हा लिंगायतांत त्या शपथेपुढं कागद मागत न्हाईत.

मालकासाठी बोललो म्हणावं, तर मालक त्या दिवशी गावातबी नव्हता. चाळीस जणींसमोर ती माझ्यापुढं गेली, हे मला सोसलं न्हाई. एवढंच. साठी उलटलेला माणूस अन् बारा वर्षांची पोर — ह्यात कसली आलीय बरोबरी?

बाईंनी तिला विचारलं, खरं का गं? तिनं आईकडं बघितलं. कोंडाबाई माझ्याकडं बघत होती — तिचं काम माझ्या हातात होतं. मंगल म्हणाली, "हाव."

बाई वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल वेळेवर आली. रोजच्या जागी, आईशेजारी बसली. मी तिला तिथून उठवून मागच्या गोदामात नेऊन बसवलं — जिथं दिवसाबी दिवा लावल्याशिवाय खडा दिसत न्हाई.