हातरुमालाचं पाणी

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तळमजल्यावर श्यामकांतराव राहतात. वय सत्तावन्न, बायको गेल्यापासून एकटेच. निवृत्तीनंतर साताऱ्याला दोन खोल्या बांधायच्या, एवढंच त्यांना हवं आहे. पाणी दोनदा वापरल्याशिवाय ते सोडत नाहीत. फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसतात. थंडीत गीझरऐवजी काळी बादली उन्हात ठेवतात. जुन्या उशीच्या अभ्र्यांचे हातरुमाल शिवतात. ऑफिसला बारा महिने सायकल.

"श्यामकांतराव, आता श्वासही अर्धाच घ्या, तेवढीच बचत," असं माझा नवरा त्यांना एकदा म्हणाला होता. आम्ही सगळे हसलो होतो. तेही हसले होते.

ऑक्टोबरमध्ये माझी मुलगी शिवांगी त्यांच्याबरोबर सायकलने जायला लागली. तिला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि करोल बागेतल्या क्लासचं मेट्रोचं भाडं त्यासाठी साठवायचं होतं. काका सकाळी साडेसहाला खाली दोनदा घंटी वाजवत आणि ही धावत सुटे. लहानपणी तिला दम्याचा त्रास होता. सहावीनंतर पंप लागला नाही, पण तो मी अजून फेकलेला नाही.

दिवाळीनंतर हवा बिघडली, तेव्हा मी नको म्हटलं. त्यावर श्यामकांतरावांनी मला त्यांचा नाकातोंडावर बांधायचा रुमाल दाखवला.

"ओलं सुती कापड, चार पदरी. बाजारातला मास्क फेकावा लागतो, वहिनी. हा धुतला की पुन्हा नवा."

"आई, यार, काका बारा वर्षं असेच जाताहेत," शिवांगी म्हणाली.

तसाच एक त्यांनी शिवांगीलाही शिवून दिला. रोज संध्याकाळी ते मागच्या नळावर पांढऱ्या परातीत एकामागून एक दोन्ही रुमाल धुवायचे. पाणी तव्याच्या धुवणासारखं काळं निघायचं. तेही वाया न घालवता ते कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायचे. दोन मजले वरून, बाल्कनीतून मी ते पाणी बघत असे. लोक मोबाईलवर प्रदूषणाचा आकडा बघतात, तसं. इतकं काळं कापडात अडकलं, म्हणजे तेवढं आत गेलं नाही, असं मी स्वतःला सांगायची.

मग एका संध्याकाळी त्यांच्या रुमालाचं पाणी स्वच्छ निघालं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शिवांगीच्या रुमालाचंही पाणी नितळ होतं. हवा सुधारली म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी शिरा केला. शिऱ्याची वाटी द्यायला खाली निघाले आणि जिन्यात थबकले. अजून अंधार पडला नव्हता, तरी समोरची इमारत दिसत नव्हती.

श्यामकांतराव नळापाशीच होते.

"रुमाल बांधत नाही का तुम्ही?"

ते परातीकडे बघत राहिले. "ओल्या कापडातून श्वास पुरत नाही हो हल्ली. खिशात ठेवतो."

"मग धुता कशाला?"

"तुम्ही वरून बघता ना."

"आणि शिवांगी?"

त्यांनी परातीतलं पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं. मग म्हणाले, "सोमवारपासून तीही बांधत नाही. म्हणाली, काका, दम लागतो. आईला सांगू नका."

वाटी माझ्या हातातच राहिली. "तुमच्यामुळे गेली ती. आता तुम्हीच तिला थांबवा. माझं ती ऐकणार नाही."

ते लगेच वर आले. दोन मजले चढताना चार वेळा थांबले. दारातून आत न येताच शिवांगीला म्हणाले, "उद्यापासून मेट्रो. होळीपर्यंत सायकल बंद."

"तुमचीसुद्धा?"

"बिल्कुल. मी काय वेडा आहे?"

शिवांगी हिरमुसली, पण त्यांचा शब्द तिने मानला. मी तिच्या सायकलला कुलूप लावलं आणि पंप शोधून तिच्या उशाशी ठेवला.

सकाळी साडेसहाला घंटी वाजली नाही. तरीही मी खिडकीशी गेले. खाली श्यामकांतराव सायकल हाताने ढकलत नेत होते. घंटीवर त्यांनी रुमाल गुंडाळला होता. फाटकाची कडी त्यांनी हळूच, आवाज न करता काढली.

मला हाक मारता आली असती. ओठांवर आलेलं नाव मी गिळलं, कारण शिवांगी जागी झाली असती, आणि काका निघाले हे बघून तीही खाली धावली असती. फाटकाबाहेर ते सायकलवर बसले. दुसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत दिसले, मग त्या करड्या हवेत दिसेनासे झाले. खोकला मात्र बराच वेळ ऐकू येत होता.

आता रोज असंच चाललंय. संध्याकाळी मी बाल्कनीत जात नाही. रात्री शिवांगीच्या दाराशी उभी राहून तिचा श्वास ऐकते. त्यात एक बारीक शिट्टी असते.