माझ्या चपला आणि काळी छत्री

परळच्या नाक्यावरून संध्याकाळी घरी जाताना एक गृहस्थ रोज माझ्या मागे असायचे. मार्च महिना, ऊन कललेलं, तरी काळी छत्री थेट नाकापर्यंत ओढलेली. आत तोंडातल्या तोंडात चालू असायचं, "प्रभू, तू पुढे चल. प्रभू, तू पुढे चल."

एकदा मी वडापावच्या गाडीपाशी थांबलो आणि छत्री माझ्या पाठीवर आदळली. खालून एक गोल, घामाघूम चेहरा बाहेर आला. समोरची कढई बघून ते दचकले.

"अहो, कुठे आणलंत मला?"

"मी?"

"लेंट चालू आहे आमचा, उपवासाचे दिवस. ईस्टरपर्यंत वडा सोडलाय. गाडी दिसली की पाय वळतात, म्हणून ही छत्री. समोरचं दिसत नाही, तेव्हा प्रभूला म्हटलं, तूच वाट दाखव. त्याने तुमच्या चपला दाखवल्या."

मी खाली पाहिलं. अंगठा तुटलेल्या, खिळा मारलेल्या चपला.

"पण मला वडा खायचाय हो!"

"खा की. मी थांबतो. त्याने नेमलेला माणूस मी कसा बदलू?"

छत्री पुन्हा नाकावर आली. कढईपासून दोन हातांवर ते श्वास रोखून उभे राहिले. गाडीवाल्यालाच बघवेना. "जा ना शेठ, का छळताय त्यांना?"

मी निघालो. मागून छत्री निघाली.

ईस्टर उजाडेपर्यंत मला एकही वडा मिळाला नाही. देव मानतोस का, असं कुणी विचारलं, तर आजही मी आधी मागे वळून बघतो.