बिसाहूरामच्या पॅनेलला दोन अर्थ

कपाटाचं खालचं दार गेलं तेव्हा मनटोरा बाजारात होती. परत येऊन पाहते तो तिच्या साड्यांच्या घड्या साऱ्या गल्लीला दर्शन देत बसलेल्या, आणि अंगणात नवरा दाराच्या पत्र्यावर खडूने गोल काढतोय. सोळा गोल.

"हे काय चाललंय?"

"पॅनेल," बिसाहूराम मान वर न करता म्हणाला.

"लोकांचे नवरे रिटायर झाले की तीर्थाला जातात. आमचे कपाट कापतात."

बिसाहूराम देवांगन भिलाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. त्याच्या लेखी पॅनेल म्हणजे माणसाहून उंच आणि खोलीभर लांब वस्तू. त्यामुळे मुलगी चंपा जेव्हा म्हणाली, "ददा, मला एक पॅच पॅनेल करून द्या," आणि वहीत वीतभर चौकोन काढून दाखवला, तेव्हा त्याला आधी हसूच आलं. याला पॅनेल म्हणायचं तर पाटाला पलंग म्हणायला हरकत नाही.

चंपाने वरच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून स्टुडिओ केला होता. छत्तीसगढी गाण्यांची रेकॉर्डिंगं तिथे चालत. खोली एवढीशी, म्हणून ढोलकवाला जिन्याखाली, बासरीवाला ओसरीवर आणि गाणारे बैठकीत असा संसार मांडलेला. प्रत्येकाच्या माइकची वायर जिन्यावरून वर जायची. एके दिवशी मनटोराचा पाय तीत अडकला आणि ताकाचं पातेलं एकेक पायरी मोजत खाली आलं. त्यानंतर मनटोराने जे ऐकवलं ते रेकॉर्ड झालं नाही हे बरंच झालं. मग ठरलं की वायरी भिंतीतून न्यायच्या, खोलीखोलीत सॉकेट बसवायचे आणि सगळ्या लाईनी वर एकाच पत्र्यावर आणायच्या. तिथून हवी ती लाईन हव्या त्या ठिकाणी जोडता येईल.

पण चंपाच्या मनातलं कारण वेगळं होतं. तिला दाईची, म्हणजे आईची, गाणी हवी होती. मनटोरा आणि तिची थोरली बहीण फिरंतिन मिळून लग्नातली जुनी गाणी म्हणत, एक ओळ हिची, उत्तर तिचं. दोघींखेरीज ती आता कुणालाच पुरती येत नव्हती. मनटोराला वरच्या खोलीत दोनदा बसवून पाहिलं. दोन्ही वेळा तिचा घसा बसला.

"धानाच्या कोठीत कोंडल्यासारखं होतं ग," ती म्हणाली. "आणि हात रिकामे असले की मला ओळच आठवत नाही. गाणं हवं तर रंधनीत ये."

रंधनी म्हणजे तिचं स्वयंपाकघर. फिरंतिन तिथे पौषात एकदाच यायची, रखिया बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, घालायला. कोहळे मांडीवर घेऊन बसमधून उतरायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने परत. मागची दोन वर्षं गुडघ्यांनी तिला गावाबाहेर पडू दिलं नव्हतं. यंदा येते म्हणाली होती. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?

म्हणून बिसाहूराम कामाला जुंपला. सोळा भोकं पाडली, कानशीने घासून गुळगुळीत केली. एकेका सॉकेटला सोल्डरचे तीन डाग म्हणजे अठ्ठेचाळीस डाग. चष्मा कपाळावर, जिभेचं टोक दातांत, असा तो चार दिवस बसला. लाईनींना नावं दिली तीही कारखान्याच्या थाटात: 'फीडर एक, रंधनी', 'फीडर दोन, ओसरी'. मनटोरा येता-जाता म्हणायची, "फीडर एकमध्ये भाजी झालीय, जेवून घ्या."

सगळं जोडून झालं आणि चंपाने कानाला हेडफोन लावला. तिचा चेहरा उतरला.

"ददा, फीडर एकवर गुंईं येतंय."

बिसाहूरामने हेडफोन घेतला, डोळे मिटले आणि समाधानाने मान डोलावली. "येणारच. लाईन जिवंत आहे."

यात त्याची काही चूक नव्हती. ज्याने चौतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी काढली, त्याला ही गुणगुण म्हणजे घरच्या माणसाचा श्वास. ती बंद पडली तरच तो दचकून उठायचा.

"अहो, पण दाई किती हळू गाते. तिच्यासाठी माइक पार वर चढवावा लागतो. माइक चढवला की गुंईंही चढते, आणि दाई तिच्याखाली बुडते. तुम्ही रंधनीतल्या सॉकेटच्या लोखंडी पेटीला अर्थ दिलाय ना, तो काढा."

झालं. बिसाहूराम जागचा उठलाच. अर्थिंगला तो नुसतं 'अर्थ' म्हणायचा, आणि निरर्थक असं काही त्याला खपत नसे. रंधनीच्या मागे त्याने स्वतः खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून नवा अर्थ केला होता. लोखंडी पेटीला तिथून एक आणि वर पॅनेलला घराचा जुना एक. त्याच्या हाताखालच्या एकाही माणसाला कधी झटका बसला नव्हता, आणि हे पुण्य त्याच्या मते सगळं अर्थचं होतं.

"गाण्यासाठी अर्थ काढू? तिथे तुझी दाई ओल्या हातांनी वावरते. मला नाही जमणार."

"काढून टाका असं कुठे म्हणते मी? एकच ठेवा, वरचा. माइकच्या वायरीत तारेची जाळी असते ना, तिच्यातून तो खालच्या पेटीला मिळतोच. दोन झालेत म्हणून घोळ आहे."

"दोन कधीही बरे."

बाप-लेकीचा अबोला दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी फिरंतिन यायची होती. सकाळी बिसाहूराम कुणाला न सांगता मीटर घेऊन रंधनीत बसला. एक टोक खालच्या अर्थला, दुसरं वरच्या पॅनेलहून आलेल्या जाळीला. काटा शून्यावर राहायला हवा होता. तो सव्वा व्होल्टवर गेला. बिसाहूरामने मीटरला टिचकी मारली. काटा तिथेच. त्याने मीटरच्या वायरी बदलून पाहिल्या, मग शेजाऱ्याचं मीटर मागून आणलं. तेही तेच म्हणालं. दोन्ही अर्थ आपापसात भांडत होते आणि त्यांचं भांडण माइकच्या वायरीतून वर जात होतं. माणूस हट्टी खरा, पण मीटरपुढे त्याने आयुष्यात कधी हुज्जत घातली नव्हती. वरचा अर्थ पेटीपर्यंत पक्का पोचतोय याची त्याने तीनदा खात्री केली, मग मागच्या खड्ड्याची तार सोडवली आणि पेटीवर पुठ्ठा टांगला: 'काम चालू आहे. हात लावू नये. बी. राम.'

"माझ्या चुलीपाशी तुमची पाटी?" मनटोरा म्हणाली.

"राहू दे आजचा दिवस."

दुपारी दोघी बहिणी किसण्या घेऊन बसल्या. कोहळ्याचा कीस परातीत पडू लागला, डाळ भिजत होती, आणि फिरंतिनने पहिली ओळ घेतली. वर चंपाने बापाच्या कानाला हेडफोन लावला. गुंईं नव्हती. इतकी शांतता त्याला सोसेना. मग त्या शांततेतून मनटोराचा आवाज आला, बारीक, किसणीच्या खसखशीत मिसळलेला, पण अक्षर न् अक्षर कळणारा.

गाणं संपलं. चंपाने रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं.

"आवाज सोड की जरा," फिरंतिनचा आवाज आला. "लहानपणी तळ्याच्या या काठाला गायलीस तर पलीकडे म्हशी माना वर करायच्या."

"सवय गेली ग दीदी." किसणी चालूच होती. "लग्न होऊन आले ती एका खोलीच्या क्वार्टरमध्ये. यांची रात्रपाळी. दिवसभर झोपायचे. मग काय, तोंडातल्या तोंडात गायचं."

"जावईबाबू ओरडायचे की काय?"

"छे. कधी शब्दाने बोलले नाहीत. पण दमून निजलेल्या माणसाच्या डोक्याशी कोण मोठ्याने गाईल? तसाच पडला आवाज."

ती हसली, तक्रार म्हणून नाही, आणि पुढचा कोहळा कापायला घेतला. वर बिसाहूरामने हेडफोन कानाशी घट्ट धरला. इतक्या वर्षांत बायको गाते हे त्याला ठाऊक होतं. हळू का गाते हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, आवाजच तेवढा आहे.

त्याने हेडफोन काढून चंपाच्या हातात दिला, जिना उतरला आणि रंधनीच्या दारात उभा राहिला. फिरंतिनने रिवाजाप्रमाणे पदर पुढे ओढला.

"चंपाची दाई," तो म्हणाला. "घरात कुणी झोपलेलं नाहीये."

मनटोराने हातातली किसणी खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग तीच ओळ तिने पहिल्यापासून घेतली, आणि वर चंपाला माइकचं बटण झपाझप खाली फिरवावं लागलं.