पाच थाळ्यांचा एकटा ग्राहक

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. एक चूक निस्तरेपर्यंत दुसरी तयार असते, आणि ती बहुतेक माझीच असते! रबाळ्याला आमचं पाच जणांचं ऑफिस. कुठल्या दुकानात कार्डानं किती पैसे गेले, याचा नाव-नंबर झाकलेला डेटा आमच्याकडे येतो. त्यावरून लोक कशावर खर्च करताहेत हे सांगायचं. सांगतो मी, निस्तरतात आमचे म्हात्रेसाहेब.

*

पहिल्याच रिपोर्टमध्ये मी ठोकून दिलं, 'बेलापूरकडे मासळीवरचा खर्च जवळपास शून्य. ग्राहक शाकाहाराकडे वळतोय.' म्हात्रेसाहेबांची सासुरवाडी बेलापूरजवळच्या दिवाळे गावची, अख्खं घर मासळीच्या धंद्यातलं. त्यांनी चष्मा काढला.

"अरे, माझी सासू टोपलीशेजारी स्वाइप मशीन घेऊन बसते का?"

रोखीची सुरमई आमच्या डेटात येतच नाही! आणि आदल्याच रविवारी मी स्वतः दिवाळ्याहून सुरमई आणली होती. रोखीनंच.

*

मग घणसोलीत मला ब्यूटी पार्लरची लाट दिसली. एका पार्लरची विक्री तर डोळे दिपवणारी! मी गुलाबी रंगात चार्ट केला. आमच्यातला कांबळे घरी जाता जाता बघून आला. पार्लर कधीच बंद झालं होतं. त्याच मालकानं तिथे सिमेंट आणि टाइल्सचं दुकान टाकलं होतं, कार्डाचं मशीन मात्र जुनंच, पार्लरच्या नावावरचं.

"टेन्शन नको घेऊ," कांबळे म्हणाला, "भिंतींचा मेकअप धर!"

*

'ग्राहकाचा आत्मविश्वास वाढला' असं मी ज्या दिवशी लिहिलं, त्याच संध्याकाळी मॉलमध्ये माझं कार्ड डिक्लाइन झालं. मागे रांग. बायको शांतपणे म्हणाली, "आत्मविश्वास दुसऱ्या कार्डात आहे का बघ."

*

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण परवा माझी खरंच टरकली होती. आमचा मोठा क्लायंट एकच. त्यांच्या कुलकर्णी मॅडम येणार होत्या. त्यांनी कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही तर ऑफिसला कुलूप, आणि माझ्या फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झालेला!

मी खास स्लाइड केली, 'रबाळ्याचा नवा ग्राहक'. एकच कार्ड, दर शुक्रवारी दुपारी, हॉटेलचं बिल मात्र पाच जणांचं पोट भरेल एवढं.

"कोण असेल हा?" मॅडमनी विचारलं.

"एकटा राहणारा, चोखंदळ, हाय-व्हॅल्यू ग्राहक!" मी छाती काढून सांगितलं. "अशांवरच तुमचा धंदा वाढणार!"

मॅडम खूश. म्हात्रेसाहेबांनी टेबलाखालून माझा हात दाबला. त्या दिवशी शुक्रवारच होता, म्हणून मॅडमना घेऊन आम्ही सगळे नेहमीच्या थाळीवाल्याकडे गेलो. बिल आलं. कांबळेनं सवयीनं कार्ड पुढे केलं.

"मी मारतो, पॉइंट्स मिळतात. तुमी सगळे मला नंतर यूपीआय करा, दर शुक्रवारसारखं!"

मी भाताकडे बघत राहिलो. मॅडमनी कांबळेला नीट न्याहाळलं.

"एकटे राहता?"

"छे हो मॅडम, घरी सात माणसं!"

"आणि पॉइंट्सचं काय करता?"

"मिक्सर आला. आता ओव्हनवर डोळा हाय."

मॅडमनी पर्समधून फोन काढला.

"माझ्या थाळीचे किती झाले, सांगा. आणि म्हात्रे, यांचा ओव्हन येईपर्यंत कॉन्ट्रॅक्ट राहू दे."