दादांना न आलेला धूर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आमच्या घरात बायकोला न सांगता साधी चप्पलसुद्धा बदलता येत नाही, यावरून काय ते समजा.

सुरुवात एका बारीकशा वेंधळेपणाने झाली. माझे साडू मधुकरदादा यांनी एक बाटली माझ्याकडे सांभाळायला दिली आणि मी ती बाथरूमच्या माळ्यावर ठेवली. गिझरच्या बरोब्बर वर! बाटलीही साधीसुधी नव्हती. त्यांच्या मुलाने स्कॉटलंडहून आणलेली सिंगल मॉल्ट व्हिस्की, मोजक्याच बाटल्या काढून बंद केलेली, खोक्यावर हाताने घातलेला नंबर. दादांच्या आई, माई, गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या. त्यांच्या घरात असल्या वस्तूला थारा नाही. म्हणून दादांची साठी होईपर्यंत ती आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला. "तुझ्याकडे सुरक्षित राहील, अविनाश," दादा म्हणाले होते. माणसं कशाच्या जोरावर एवढा विश्वास टाकतात?

दादांचा नाशिक रोडला मसाल्याचा लहानसा कारखाना आहे. मोठ्या कढईत खोबरं, धणे, दगडफूल भाजलं जात असतं आणि दादा लांब खुर्चीत डोळे मिटून बसलेले. एकदम म्हणतात, "उतरव!" तेव्हा उतरवलं तर मसाला, जरा रेंगाळलं तर कोळसा. करपायच्या किंचित आधी एक बारीकसा धूर सुटतो म्हणे. तो दादांना कळतो. आपल्याला करपल्यावरच कळतं.

नाक तसं मलाही आहे. धरणाजवळच्या एका द्राक्षमळ्यात सोसायटीची सहल गेली होती, तिथे मी ग्लास गोल फिरवून वास घ्यायला शिकलो. तेव्हापासून घरात ताकसुद्धा फिरवून पितो. तर भर उन्हाळ्यात, बायको भिशीला गेली असताना, मला गिझरची आठवण झाली. बाटली तापून खराब तर झाली नसेल? बघायला नको? वरचं वेष्टण हळूच सोडवलं, बूच काढलं आणि नाक लावलं —

टिंक्चर आयोडीन! त्यात जळका दोरखंड, त्यात ओल्या गोधडीला लागलेला धूर. सरळ सरकारी दवाखाना. दादांची लाखमोलाची ठेव मी गिझरवर शिजवून नासवली होती!

मग मी काय केलं? दादांना फोन केला? छे. बाटली सिंकमध्ये ओतली. कोपऱ्यावरच्या दुकानातून चांगल्यातली गोडसर, सौम्य व्हिस्की आणून तीत भरली आणि वेष्टण डिंकाने चिकटवलं. बायको आली, दारातच थबकली. "हा दवाखान्याचा वास कसला हो?" म्हटलं, फिनेल टाकलं. तिने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं — लग्नानंतर पहिल्यांदाच मी आपणहून सिंक धुतलं होतं.

पण हा माझा गुन्हा नाही. ही नुसती अक्कल. गुन्हा पुढे आहे, मी उगाच त्याच्याभोवती घिरट्या घालतोय.

दादांच्या साठीला आम्ही आमच्याच गच्चीवर बसलो. दादा, माझा मेहुणा बंडू, शेजारचे जोशीकाका आणि मी. दादांची बायको, म्हणजे ताई, आणि माझी बायको भजी तळत होत्या. बाटली उघडायच्या आधी दादांनी खोक्यातली पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि मोठ्याने मराठी करून सांगू लागले. तिकडे म्हणे दलदलीतली वाळलेली माती जाळून तिच्या धुरावर जव सुकवतात. म्हणून या व्हिस्कीला धुराचा, समुद्राचा आणि — दादा हसले — "टिंक्चर आयोडीनचा वास येतो. हाच तिचा मान! आणि या खास बाटलीत तर नेहमीपेक्षा दुप्पट धूर."

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं.

ग्लास भरले. जोशीकाकांनी घोट घेतला, डोळे मिटले. "वा! घशात चूल पेटली!" बंडू म्हणाला, "काय धूर आहे राव, नाकातून निघतोय!" कुठला धूर? गोडसर सरबत होतं ते! पण इतक्या भारी बाटलीपुढे 'मला काही कळेना' असं कोण म्हणणार?

एक माणूस म्हणाला. दादांनी पुन्हापुन्हा वास घेतला आणि हळूच माझ्याकडे वळले. कोरोनात त्यांचं नाक महिनाभर गेलं होतं, मग परत आलं होतं. चेहरा पार उतरला होता त्यांचा. "अविनाश, मला धूर येत नाहीये रे. तुला येतोय?"

हा तो क्षण. एक 'नाही' पुरलं असतं. सगळे हसले असते, दादांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, बंडूने जन्मभर चिडवलं असतं. बस, एवढंच. आणि मी म्हणालो, "केवढा धूर आहे, दादा! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

पाणी खरंच आलं होतं. भीतीने.

दुसऱ्या दिवसापासून दादा भट्टीपासून उठून पुढे दुकानात बसायला लागले. 'उतरव' म्हणायचं काम सूनबाईकडे गेलं. नाकाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो — हो, मीच! डॉक्टरांनी रोज सकाळी लवंग, कापूर, लिंबू हुंगायला सांगितलं. दादा भेटतील त्याला सांगत, "कापूर येतो, लवंग येते. धूर तेवढा गेला बघा." आणि मी मान हलवायचो. सहानुभूतीने! तीन वर्षं.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो, तर कारखान्यात काळाकुट्ट धूर पसरलेला. कढईभर मसाला करपला होता, सूनबाई रडत होती. दादा तिला समजावत होते. "तुझी चूक नाही गं. मला आधी जरासा आला होता धूर. ओरडणारच होतो. पण म्हटलं, भासच असणार. आपलं नाक कुठे राहिलंय आता?"

मी दारात उभा होतो. तेव्हा तरी बोलावं की नाही? मी म्हणालो, "व्हायचंच असं कधीतरी, दादा."

एका धडधाकट माणसाचं नाक मी त्याच्याकडून काढून घेतलं. वेंधळेपणा बाटलीपुरता होता, पुढचं सगळं मी शुद्धीत केलं. यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि कोणी काही म्हणावं अशी अपेक्षाही नाही.

एवढं लिहून कागद बायकोपुढे ठेवले. ती हसेल असं वाटलं होतं तिथे हसली नाही; सिंक धुतल्याच्या ओळीवर मात्र बराच वेळ थांबली. मग चष्मा काढला, मोबाइल उचलला आणि म्हणाली, "लिहिलंय छान. पण हे वाचणाऱ्यांची नाकं ठीक आहेत हो. भाऊजींना लावलाय, रिंग जातेय. घ्या."